सहा नंबरची चप्पल

"चप्पल काढायची न्हाई हां. देवीच्या उंबऱ्यापतूर न्हाई," आत्याबाईंनी मला बजावलं आणि माझ्या शेल्याची नि सर्जेरावांच्या उपरण्याची गाठ दोनदा ओढून बघितली.

लग्नाला तीन दिवस झाले होते. मे महिना, सकाळचे सात. वाघजाईच्या डोंगराच्या पायथ्याला आम्ही तिघंच उभे होतो. मी, माझा नवरा सर्जेराव आणि माझी सासू, जिला आमच्याकडच्या पद्धतीने मी आत्याबाई म्हणत होते. नव्या जोडप्याने आधी कुलदेवीला जाऊन यायचं आणि मग संसाराला लागायचं, हे सगळीकडेच असतं. मोऱ्यांच्या घरात मात्र त्यावर आणखी एक कलम होतं. सासरने दिलेली चप्पल घालूनच सुनेने डोंगर चढायचा आणि ती थेट देवीच्या उंबऱ्याला काढायची. मध्येच काढली तर सून घरात टिकत नाही, असं आत्याबाईंना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. त्या सासूला कुणी सांगितलं होतं ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

चप्पल दिसायला सुरेख होती. जांभळ्या मखमलीचे पट्टे, त्यावर सोनेरी जर, दोन बोटं उंच टाच. नंबर सहा.

माझा पाय आठ नंबरचा आहे.

हा घोळ माझ्या आईने घालून ठेवला होता. लग्नाच्या बोलणीत आत्याबाईंनी विचारलं, "पोरीच्या चपलेचा नंबर काय?" आणि आईने पापणी न हलवता सांगितलं, "सहा." त्याच्या आदल्या वर्षी वाईकडचं एक स्थळ मोडलं होतं. मुलाची मावशी जाता जाता दारात बोलून गेली होती, "पोरीचं पाय गड्यावानी हायेत." तेव्हापासून कुणी बघायला आलं की आई मला पाटावर बसवायची आणि साडीचा काठ माझ्या बोटांवरून खाली ओढायची. मी आईशी भांडले. म्हटलं, "आई, सहाची चप्पल माझ्या पायात जायची कशी?"

"लग्नात चप्पल कोन घालतंय? मांडवात अनवाणीच असतीस. मागनं ट्रंकेत टाक आन् आपली जुनी घाल."

आईचं काही चुकत नव्हतं. मोऱ्यांचं ते कलम मात्र तिला ठाऊक नव्हतं. आणि "देवी हे काय, जवळच हाय," असं जे सोयरे म्हणाले होते, ते जवळच म्हणजे दोन तासांची चढण होती, हेही तिला ठाऊक नव्हतं.

एवढंच असतं तर मी दात आवळून चढले असते. दोन तासांनी काही मरत नाही माणूस. पण माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, एक पत्र होतं. वनरक्षक भरतीचं. नऊ दिवसांनी साताऱ्याजवळ चालण्याची परीक्षा होती. बायकांना सोळा किलोमीटर, चार तासांच्या आत. त्यासाठी मी वर्षभर रोज पहाटे आमच्या जावळीच्या घाटरस्त्यावर कॅनव्हासचे पुरुषी बूट घालून चालत होते. कुणी विचारलं तर शेण गोळा करायला जाते म्हणून सांगायचे. सोळा किलोमीटर मी दोन तास पन्नास मिनिटांत मारत होते. रान मला लहानपणापासून आवडायचं, आणि रानात फिरायचा पगार देणारी नोकरी असते हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सासरी हे कुणालाच माहीत नव्हतं. "पोरगी घरीच ऱ्हाईल, नोकरीबिकरीचं खूळ न्हाई तिला," असं बोलणीत आमच्या बापाने सांगून टाकलं होतं. आईने मला निघताना जवळ घेऊन सांगितलं, "ते पत्र फाडून टाक." मी ते फाडलं नाही. नऊ दिवसांत कुठल्या तरी वेळी, कुणाला तरी, कसं तरी सांगू असं मी धरून चालले होते. त्यासाठी आधी पाय शाबूत हवे होते.

"चला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी नैवेद्याची पाटी डोक्यावर घेतली आणि टायरच्या चपला फटफट वाजवत त्या पुढे निघाल्या.

पहिल्या अर्ध्या तासातच चपलेने आपले गुण दाखवले. माझी टाच मागून दोन बोटं बाहेर लोंबत होती, म्हणजे टाचेखालचा तो उंच ठोकळा माझ्या पायाच्या मधोमध रुतत होता. पुढे बोटं एकमेकांवर चढून बसली होती. करंगळीला जरीचा पट्टा करवतीसारखा लागत होता. मी एक पाऊल टाकायचे आणि दुसरं टाकायच्या आधी विचार करायचे.

आत्याबाई वरून ओरडल्या, "काय गं? डोंगरातली पोरगी म्हणून केली तुला. आन् तू तर शेरडासारखी लंगडतीस!"

"येते, येते," मी म्हटलं.

सर्जेराव माझ्या शेजारीच होते. त्यांना जाता येणार कुठे? आम्ही दोघं गाठीला बांधलेलो होतो. तीन दिवसांत आमचं बोलणं एवढंच झालं होतं, की त्यांनी मला विचारलं होतं, "चहा गोड लागतो का?" आणि मी "हो" म्हटलं होतं. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात काम करणारा, हाताची नखं काळी असलेला, लाजाळू माणूस. त्यांच्या पायात लग्नाचे काळे बूट होते, पुढे टोकदार, खालून आरशासारखे गुळगुळीत. चढावर वाळलेलं गवत पसरलेलं होतं आणि त्यावरून ते बूट घसरत होते. दर दहा पावलांना सर्जेराव मागे सरकायचे, शेला ताणला जायचा आणि मीही त्यांच्याबरोबर मागे ओढली जायचे.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंड असंच हाय."

ते हसले. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "माझ्या बी टाचेला फोड आलाय. आईला सांगू नका."

मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा माया वाटली ती तिथे. आणि त्याच क्षणी मला पत्राचं सांगून टाकावंसं वाटलं. "मला तुम्हाला एक सांगायचं हाय," मी सुरुवात केली.

"आईला इचारलंय का?" ते लगेच म्हणाले.

"अजून सांगितलंच न्हाई तर कुठलं इचारू?"

"न्हाई, म्हंजे आधी आईला इचारलेलं बरं असतं."

माझी माया जागच्या जागी आटली. करंगळीचं कातडं सुटलेलं मला कळत होतं, ओलं लागत होतं. दोन्ही तळव्यांत फोड धरत होते. मी मनात दिवस मोजत होते. आज फुटला तर चार दिवसांत खपली, सहा दिवसांत नवं कातडं, पण ते कोवळं. कोवळ्या कातड्यावर सोळा किलोमीटर! सासूचं कलम मोडलं तर घर जाणार आणि पाळलं तर नोकरी.

दीड तासाने आम्ही डोंगराच्या खांद्यावर आलो. तिथून वाट आडवी जाते. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला घसरडा उतार आणि त्याखाली खोल घळ. वाट रुंदीला दीड हात. आत्याबाई पाटी सांभाळत ती सहज ओलांडून गेल्या आणि पलीकडे थांबून आमच्याकडे बघू लागल्या.

"सावकाश या रं! बाजूचं गवत धरू नगा, वाळलंय, उपटून येतंय!"

सर्जेरावांनी नेमकं तेच धरलं. गवताचा झुबका त्यांच्या हातात आला, गुळगुळीत बूट वाटेवरून सुटला आणि ते कमरेपर्यंत उताराला गेले. गाठीने मला हिसका बसला. मी पुढे झुकले. पायातली उंच टाच खडकावर कलंडली आणि मला कळलं, की ह्या चपलेवर उभी राहिले तर आम्ही दोघं घळीत जाणार.

मी उजव्या पायातली चप्पल झटकली. ती उलटीसुलटी होत खाली गेली. पायाची पाचही बोटं मी खडकाच्या खाचेत रोवली, डावा गुडघा टेकवला आणि सर्जेरावांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तो मोठा, गड्यासारखा, आठ नंबरचा पाय त्या खाचेत असा बसला की हलायचं नाव नाही.

"बूट काढा! पायानंच बूट काढा!" मी ओरडले.

त्यांनी एका पायाने दुसऱ्याचा बूट ढकलला. तो गेला. मग दुसराही गेला. मोज्यातल्या पायाला उतारावर पकड मिळाली. मी ओढलं, त्यांनी गुडघा वर घेतला आणि ते माझ्या अंगावरच वाटेवर येऊन पडले. दोघंही धापा टाकत होतो. शेल्याची गाठ तेवढी जशीच्या तशी होती.

पलीकडे आत्याबाई पाटी खाली ठेवून उभ्या होत्या. आम्ही सरपटत त्यांच्यापाशी पोहोचलो तेव्हा त्यांनी आधी मुलाच्या तोंडावरून, मानेवरून, पाठीवरून हात फिरवला. मग त्याच्या मुस्काटात एक हळूच दिली. "गवत धरू नगंस म्हनलं व्हतं न्हवं?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. नजर सरळ माझ्या उघड्या पायावर.

"बस खाली," त्या म्हणाल्या.

मी बसले. डाव्या पायातली चप्पल त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवली. करंगळी रक्ताने माखली होती. तळव्यावर चिंचोक्याएवढा फोड होता. आत्याबाईंनी अंगठा आणि करंगळी ताणून माझ्या तळव्यावर वीत ठेवली. वीत संपली तरी पाय उरलाच.

"ह्यो पाय सहा नंबरचा न्हाई."

मी पाय साडीच्या काठाखाली ओढायला गेले, पण त्यांनी घोटा सोडला नाही.

"कोन खोटं बोललं?"

आईला वाचवावं असं मला वाटलं. पण तळवा ठणकत होता आणि खोटं बोलायला जेवढी ताकद लागते तेवढी माझ्यात उरली नव्हती. "आई बोलली," मी म्हटलं. "आन् मी गप ऱ्हायले. पाय मोठं म्हणून आधीचं स्थळ मोडलं व्हतं. आठ नंबर लागतो मला."

"आन् ती चप्पल? गळली का काढलीस?"

"काढली. मुद्दाम काढली."

सर्जेराव मध्ये पडले. "आई, तिनं काढली न्हसती तर मी—"

"तू गप." आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या. "आनिक काय काय लपवलंय? आत्ताच सांग. एकदाच काय ते ऐकून घेते."

मी एका दमात सांगून टाकलं. परीक्षा, पत्र, सोळा किलोमीटर, पहाटेचं शेण. सांगताना आवाज चढला, का ते मला कळलं नाही. शेवटी मी म्हटलं, "आत्याबाई, मला ह्या घरातनं जायचं न्हाई. पण हे पाय मला नऊ दिवसांनी लागणार हायेत."

कड्यावरून वारा येत होता. आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. त्यांचा चेहरा मला अजून वाचता येत नव्हता, तीन दिवसांत कसा येणार? मला वाटलं, आता ह्या मला इथूनच माहेरी धाडतात.

"मला फशिवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मायलेकींनी. नंबर आठ म्हनली असती तर आठची आनली असती. दुकानात काय मिळत न्हाई व्हय?"

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकलंच." त्यांनी पाटीखालची चुंबळ उचलली. डोक्यावर ओझं नीट बसावं म्हणून गुंडाळलेलं ते माझ्या वारलेल्या सासऱ्यांचं जुनं धोतर होतं. त्यांनी ते उलगडलं, दातात धरलं आणि टर्रकन फाडून त्याच्या लांब पट्ट्या केल्या. माझा पाय मांडीवर ओढून त्या पट्ट्या गुंडाळू लागल्या. मी दचकून पाय मागे घेतला. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय!

"आत्याबाई, नगा! पाप लागंल मला."

"गप बस. पाया पडत न्हाई तुझ्या. पाय बांधतेय." दोन्ही पायांना चार-चार पदर घालून त्यांनी घट्ट गाठी मारल्या. "हे बी सासरचंच हाय. ह्याच्यावर चढ."

"पण ती मधीच काढलेली चप्पल?" मी घाबरत विचारलं.

त्या जराशा थांबल्या. त्यांच्या सासूशीच मनात बोलत असाव्यात. "ल्योक पडत असताना काढलेली चप्पल काढलेली धरत न्हाईत," त्यांनी सांगितलं, आणि असा नियम जणू शंभर वर्षांपासून चालत आल्यासारखी पाटी उचलली.

उरलेला चढ मी धोतराच्या पट्ट्यांवर आणि सर्जेराव मोज्यांवर चढलो. परीक्षेबद्दल आत्याबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. सर्जेराव एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मला सांगायचं की."

"सांगतच व्हते. तुम्ही म्हणलात, आईला इचारा."

ते ओशाळले. मग म्हणाले, "माझी तर काय ना न्हाई." तेवढंच. पण ते आईला न विचारता म्हणाले होते, हे मी लक्षात ठेवलं.

वाघजाईचं देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि वर पत्रा. मागे चाफ्याचं झाड. शेंदूर लावलेली, रुपेरी डोळ्यांची देवी. आम्ही पाया पडलो, आत्याबाईंनी ओटी भरली, नैवेद्य दाखवला, आमची गाठ सोडली. आता खाली जायचं, असं मला वाटलं. तर त्या म्हणाल्या, "थांबा. कौल लावते."

कौल आमच्या माहेरीही लावायचे. चाफ्याच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

"परीक्षेला जायाचं का न्हाई, ते मी न्हाई सांगनार," आत्याबाई म्हणाल्या. "बोलणीत शब्द झालाय. शब्द मोडायचा तर देवीनं मोडावा."

माझा जीव टांगणीला लागला. वर्षभराचं चालणं आता एका पाकळीवर आलं होतं. मी देवीवर रागावले, चाफ्यावर रागावले, आईवर तर रागावलेच होते. आत्याबाई आमच्याकडे पाठ करून पाकळ्या भिजवत होत्या. बराच वेळ भिजवत होत्या. मग त्यांनी एक डाव्या खांद्यावर दाबून बसवली, एक उजव्यावर ठेवली, आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "आई वाघजाई, सून रानाच्या नोकरीला जाऊ का नगं? जी काय मर्जी असंल ती दाव."

सर्जेरावांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला बघायचं होतं. कधी कधी कौल तास-तास मिळत नाही, पाकळ्या चिकटून राहतात. आत्याबाईंचं वाक्य पुरतं संपलं असेल-नसेल, तोच उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवा!" आत्याबाई ओरडल्या. "देवीनं उजवा दिला!"

मी देवीच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. सर्जेराव सारखे पाकळीकडे बघत म्हणत होते, "लगीच! काय पन म्हना, लगीच पडली!"

पुढचे आठ दिवस मी नव्या नवरीसारखी अजिबात वागले नाही. आत्याबाई मला हलूच देत नव्हत्या. सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाच्या कोमट पाण्यात पाय, त्यावर करंजाचं तेल आणि हळद. शेजारणी दारातून वाकून जायच्या. एक म्हणाली, "नवी सून खाटंवर आन् सासू पानी तापवतीया, कलियुग आलं बया." आत्याबाई म्हणाल्या, "देवीचा कौल हाय. तुला काय इचारायचं असंल तर डोंगरावर जा."

माझे कॅनव्हासचे बूट माहेरी होते. ते आणायला सर्जेराव मोटारसायकलवरून गेले. जावयाने दारात उभं राहून "आठ नंबरचे बूट द्या" म्हटल्यावर माझी आई जागच्या जागी खाली बसली. सर्जेरावांनी आत्याबाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला, "धाकट्या लेकीच्या वक्ताला खरा नंबर सांगा."

परीक्षेच्या दिवशी करंगळी पूर्ण भरली नव्हती. नऊ किलोमीटरपर्यंत मी मजेत चालले, मग कोवळं कातडं फाटलं. अकराव्याला वाटलं, बसावं. तेव्हा मला खडकाच्या खाचेत रोवलेली माझी बोटं आठवली, आणि देवीने स्वतः हो म्हटलंय हे आठवलं. देवीने हो म्हटलेली बाई अकराव्या किलोमीटरला बसते होय? मी चालत राहिले. तीन तास अठ्ठावीस मिनिटं. उजव्या पायाचं एक नख त्या बुटातच राहिलं. चार महिन्यांनी नेमणुकीचं पत्र आलं आणि ते मी ट्रंकेत ठेवलं नाही, आत्याबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवलं.

ह्याला आता एकवीस वर्षं झाली. मी वनपाल आहे. अंगावर खाकी आहे, पायात सरकारी बूट, नंबर आठ. रानात एकटी असताना, वणव्याच्या तोंडावर, लाकूडचोरांसमोर, जेव्हा जेव्हा पाय डगमगला तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की तुला कौल आहे. माझ्या हिमतीचा अर्धा भाग त्या पाकळीचा होता, असं मी कितीदा बोलून दाखवलंय. आत्याबाई ते ऐकून घ्यायच्या आणि दुसरंच काहीतरी काढायच्या.

परवा माझ्या मुलीने, तनुजाने, विषय काढला. तिला उत्तरेत बर्फाच्या डोंगरावर चढायचं शिकायला जायचं आहे, अठ्ठावीस दिवस. मी, जी रानात आयुष्य काढते, ती मुलीला म्हणाले, "काही गरज नाही." ती रुसून आत गेली. सर्जेराव म्हणाले, "आईला इचार."

आत्याबाई आता एकोणऐंशीच्या आहेत. ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, "मला काय सुचंना झालंय. एक डाव जाऊ द्यावं वाटतं, एक डाव भ्या वाटतं. उद्या तिला घेऊन वर जाते आन् कौल लावते. देवी सांगंल तसं."

आत्याबाई माझ्याकडे वळून बसल्या. "तुझ्या मनात काय हाय?"

"म्हंजे?"

"जावं का ऱ्हावं? तुझ्या मनाला काय वाटतंय? भ्या सोडून सांग."

मी विचार केला. "जावं," मी म्हटलं.

"मग पाकळी नीट लाव."

"नीट म्हंजे?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. ओसरीवर आम्ही दोघीच होतो. तरी त्या माझ्या कानाशी वाकल्या. "डावीच्या मागं गूळ लावायचा. निवदातला घ्यायचा जरासा, बोटानं चेपून. मग ती हालत न्हाई. उजवीला नुसता वल्ला हात."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "आत्याबाई! माझ्या वेळंला?"

"मग? तुझी वर्षाची मेहनत पाकळीवर सोडायची व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या पायानं माझा ल्योक धरला व्हता. त्या पायाला न्हाई म्हनायला माझी जीभ रेटंना. आन् हो म्हनायला बोलणीतला शब्द आडवा."

"पण देवीला फशिवलंत तुम्ही!"

"तिला काय दिसत न्हाई? रुप्याचं एवढालं डोळं हायेत तिला." आत्याबाई हसल्या, तोंडात तीनच दात राहिलेत त्यांच्या. "तिच्या देखत लावला गूळ. एकवीस वर्सं झाली, तिनं कुनाला सांगितलंय का?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. एकवीस वर्षं मी ज्या बळावर चालले ते देवीचं नव्हतं, ह्या म्हातारीचं होतं, आणि तिने ते मला एकदाही कळू दिलं नव्हतं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "पुरं पुरं," त्या म्हणाल्या, "पोरीला सांग, सकाळी लवकर उठ म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सातला मी आणि तनुजा डोंगर चढायला लागलो. तिने वाटेत दोनदा विचारलं, "आई, डावी पडली तर?" मी म्हटलं, "देवीची मर्जी." माझ्या पिशवीत गूळ होता. नैवेद्यापुरता, आणि वर थोडा.